मलिक अंबरला वन बीएचके मिळेल का?

जून उजाडला की या शहरात दोन टंचाया जाहीर होतात. पाण्याची टंचाई बारमाही आहे, जूनमध्ये फक्त तिची बातमी होते. दुसरी खोल्यांची. खोल्या रिकाम्या असतातच म्हणा. सिडको, हडको, समर्थनगर, उल्कानगरी, जिथं जाल तिथं गेटला 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी तारेनं बांधलेली असते आणि खालचा मोबाइल नंबरही लागतो. टंचाई असते ती मालकाच्या मनात भरेल अशा भाडेकरूची.

दलालाचा पहिला प्रश्न पैशांचा कधीच नसतो. 'फॅमिली का बॅचलर?' बीड, परभणी, हिंगोलीहून आलेली पोरं इथंच गारद होतात. 'व्हेज का नॉनव्हेज?' उरलेल्यांतली निम्मी इथं गळतात. 'पूर्ण नाव सांगा ना सर, आडनावासकट.' हा तिसरा, आणि याचं उत्तर ऐकून दलाल किती वेळ गप्प राहतो यावर पुढचं सगळं ठरतं. परदेशातून शिकायला आलेल्या मुलासाठी चौथा प्रश्न राखून ठेवलेला असतो : 'कंट्री कोणती?' येमेन, सुदान, सोमालिया असं काही उत्तर आलं की त्याच क्षणी फोनची रेंज जाते. फ्रान्स किंवा जर्मनी आलं तर दलाल स्वतःची गाडी घेऊन न्यायला येतो. अजिंठ्याच्या चित्रांवर अभ्यास करायला आलेल्या गोऱ्या बाईला गच्चीवरची खोली मिळते, सकाळचा चहा मिळतो, सणाला पुरणपोळी मिळते आणि मालकांच्या व्हॉट्सअॅप डीपीवर जागाही मिळते. परदेशी माणसाचं आपल्याला फार कौतुक. देश तेवढा बघून निवडलेला हवा.

ही मुलं इथं येतात तरी कशाला, असं विचारणारे आहेत. एक उत्तर सोपं आहे. ती फी भरायला येतात आणि आपल्या पोरांपेक्षा कितीतरी पटीनं जास्त भरतात. 2018 साली केंद्र सरकारनं 'स्टडी इन इंडिया' अशी हाक दिली. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं सांगितलं की मंजूर जागांच्या वर आणखी 25 टक्के जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवता येतील. जागा म्हणजे वर्गातल्या. झोपायच्या जागांचं परिपत्रक अजून कुठल्याही घरमालकापर्यंत पोचलेलं नाही.

आता एक गंमत करू. चारशे वर्षांपूर्वीचा एक उमेदवार या दलालापुढं बसवू.

'नाव?'

'मलिक अंबर.'

'मूळ गाव?'

'हबशांचा मुलूख. आज तुम्ही इथिओपिया म्हणता.'

'आधी कुठं राहत होता?'

'मोखा, बगदाद, मग अहमदनगर.'

'आधीच्या मालकाचं एनओसी आहे का?'

'आधीच्या मालकांनी मला विकलं.'

'म्हणजे डिपॉझिट बुडालं म्हणा की. करता काय?'

'निजामशाहीचा कारभार बघतो. रात्री-अपरात्री मोगलांवर छापे घालतो.'

'बघा, म्हणजे येणं-जाणं उशिराचं. सोसायटीचं गेट दहाला बंद होतं. सोबत माणसं किती?'

'घोडदळ आहे.'

'पार्किंग एका टू-व्हीलरचंच आहे, साहेब.'

खोली नाकारली. मग या गृहस्थानं केलं काय, तर 1610 च्या सुमारास खडकी नावाच्या गावी स्वतःचं शहरच वसवलं. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून खेळवत गावात आणलं, ती नहर-ए-अंबरी. तेच आपलं शहर. पुढं त्याच्या मुलानं त्याचं फतेहनगर केलं, औरंगजेबानं औरंगाबाद केलं, आता छत्रपती संभाजीनगर झालं. पाया मात्र लाल समुद्रापलीकडून विकला जात-जात आलेल्या, बगदादेत हिशेब आणि कारभार शिकलेल्या एका हबशाचा. 'बाहेरच्यांना देत नाही' ही पाटी लावणाऱ्यांनी ती नेमकी कुणाच्या शहरात लावली आहे हे एकदा बघावं.

यादी लांबवायची तर लांबवता येते. पाणचक्कीवर ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे. तिथल्या चक्कीवर फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी दळण पडायचं. म्हणजे परदेशी माणसाच्या खाण्याची सोय इथं पाण्यावर चालायची आणि त्यासाठी त्याला आधार कार्ड मागत नव्हते. मराठवाड्यात चाऊस आडनावाची घरं आहेत, त्यांचे पूर्वज निजामाच्या फौजेत नोकरीला येमेनच्या हद्रमौतहून आले. मोरोक्कोचा इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला येऊन गेला. इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा धरतात म्हणून त्यानं कौतुक केलं, आणि किल्ल्याच्या कैदखान्यात मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, मांजरंच त्यांना भिऊन पळतात, असंही लिहून ठेवलं. या भागातल्या निवासव्यवस्थेबद्दल परदेशी पाहुण्यानं केलेली इतकी जुनी तक्रार दुसरी माझ्या तरी माहितीत नाही. तिची दखल कुणी घेतली का, हे पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा.

आता भडकल गेटवर थांबू. हा दरवाजा मलिक अंबरनंच 1612 साली मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. त्याच चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये इथं मुंगीला वाट मिळत नाही. हारांचा ढीग लागतो, नेते रांगेनं येतात, फोटो निघतात. ज्यांना हार घालतो ते स्वतः एके काळी परदेशी विद्यार्थी होते, ही गोष्ट मात्र त्या हारांखाली बुडून जाते.

1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. आधी कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये राहिले. तिथलं जेवण पटेना. मग कॉस्मॉपॉलिटन क्लब. मग नवल भथेना या पारशी मित्राबरोबर लिव्हिंग्स्टन हॉल. सामान उचला, सामान ठेवा. परदेशात शिकायला गेलेल्या कुठल्याही मुलाची पहिल्या काही महिन्यांची हीच कहाणी असते. पण खोली मिळाली, एक सोडली तर दुसरी मिळाली.

खोली मिळाली नाही ती बडोद्यात. आपल्याच देशात, ज्यांनी शिकायला पाठवलं त्यांच्याच राजधानीत. 1917 साली संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला ते गेले तेव्हा महार म्हणून कुणी दारात उभं करीना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, दिवसाला दीड रुपया देऊन. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात लाठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला सांगून गेले. शहरात त्यांचे ओळखीचे दोघे होते. एक हिंदू. तो म्हणाला, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल. परदेशात शिकून आलेला हा माणूस मग कमाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा पुस्तिकेत.

या हकिगतीत मला लाठ्यांपेक्षा ते दोन मित्र जास्त ओळखीचे वाटतात. लाठीवाल्यांनी निदान स्वतःच्या नावावर हाकललं. मित्रांनी मात्र नोकरांना आणि बायकोला पुढं केलं. स्वतः दोघांचंही काही म्हणणं नव्हतं. आज शंभर वर्षांनी सिडकोत घंटी वाजवा, तीच वाक्यं जशीच्या तशी मिळतात. नोकरांच्या जागी सोसायटी आली आहे, एवढाच फरक. 'माझं काही नाही हो, मुलगा चांगला दिसतो. सोसायटी ऐकत नाही.' सोसायटीच्या अध्यक्षांकडे जा. 'आमचं काही नाही, पण नंतर पोलिसांची झंझट नको.' नियम बघायला जा, तर परदेशी विद्यार्थ्याला घर भाड्यानं देऊ नये असं त्यात कुठं नाहीच. घरमालकानं कळवावं, इतकंच आहे. सगळ्या शहरात फिरून या, नकार देणारा माणूस सापडत नाही आणि खोलीही सापडत नाही.

कळवायचं म्हणजे काय, तेही बघा. परदेशी माणूस घरात राहायला आला की मालकानं 24 तासांत ऑनलाइन माहिती भरायची. याला सगळे सी फॉर्म म्हणतात. विद्यार्थ्यानं स्वतः, व्हिसा 180 दिवसांहून मोठा असेल तर, आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करायची. नोंदणीला राहण्याचा पुरावा लागतो, म्हणजे भाडेकरार. भाडेकराराला मालक आधार मागतो, कारण रजिस्टर करून देणारा एजंट आधारशिवाय मशीनवर अंगठाच घेत नाही. आणि परदेशी नागरिकाला आधार मिळतं ते आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस इथं राहिल्यावर. थोडक्यात, राहिल्याशिवाय आधार नाही आणि आधाराशिवाय राहणं नाही. एवढी निर्दोष फिरकी आपल्याकडं कुंबळेलाही जमली नव्हती. यातून वाट आहे, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून साधा करार होतो. पण ती वाट माहीत असलेला एजंट गाठायला पुन्हा दलालच लागतो, आणि तो रेंजमध्ये नाही.

त्यात नावांची भर. व्हिसावर एक शहर, करारावर दुसरं. केंद्रानं नाव बदलाला फेब्रुवारी 2023 मध्ये मान्यता दिली, रेल्वे स्थानकाची पाटी त्यानंतर 2025 साली बदलली. मधल्या काळात उतरलेल्या मुलानं तिकिटावर एक गाव वाचलं, बसवर दुसरं आणि रिक्षावाल्याच्या तोंडून 'संभाजीनगर का औरंगाबाद, कुठं जायचं बोला' असं तिसरंच काही ऐकलं. घरी पत्ता शोधायला बसलेल्या बापाला नकाशावर बिहारमधलं औरंगाबाद सापडलं असेल तर त्याला दोष देऊ नये. शहरानं चारशे वर्षांत चार नावं लावली, कुणी हटकलं नाही. या मुलाच्या पासपोर्टवर 'मोहम्मद' एका स्पेलिंगनं आणि बोनाफाईडवर दुसऱ्या स्पेलिंगनं निघालं की मात्र खिडकीतला बाबू चष्मा वर करून विचारतो, 'हे दोन वेगळे आहेत ना?'

अखेर खोली मिळते कुठं, तर 'तिकडे बघा' म्हणतात तिथं. 'तिकडे' म्हणजे कुठं हे शहरात प्रत्येकाला कळतं. कटकट गेट, रोशन गेट, किराडपुरा, विद्यापीठाच्या पायथ्याशी बेगमपुरा, पहाडसिंगपुरा. तिथंही फुकट कुणी देत नाही आणि 'फॉरेनर' म्हणून भाडं जरा चढवूनच लावतात, धर्मबंधू असो वा नसो. पण जिन्यावरून चढताना कुणी मागे वळून बघत नाही, आणि हातवारे केले तरी दुकानदाराला काय हवं ते कळतं. सहा महिन्यांत हा मुलगा दखनी बोलायला लागतो. 'नक्को' आणि 'हौ' आलं की निम्मं शहर आलं. नान-खलियाची चव लागते. उन्हाळ्यात कूलर लागतो हेही कळतं, वाळवंटातून आलेल्याला आपण गरमीनं घायकुतीला आणतो, हा आपल्या भूमीचा पराक्रम.

'तिकडे' पाठवणारे मालक रविवारी संध्याकाळी स्वतः तिकडेच असतात. कारण मंदी. येमेनचा भात-मटणाचा प्रकार, एका परातीत चौघांनी बसून खायचा. हैदराबादेत लोकप्रिय झाला, इथंही बघता बघता पसरला. भाड्याच्या खोल्यांत मंदी असो नसो, परातीतली मंदी तेजीत आहे. येमेनचा मसाला चालतो, येमेनची माणसं सोसायटीत चालत नाहीत.

ही मंडळी आपल्याकडं अडकून का पडतात, याचाही हिशेब आहे. येमेनमध्ये 2015 साली बॉम्ब पडायला लागले. आपल्या नौदलानं आणि एअर इंडियानं तिथून हजारो भारतीयांना बाहेर काढलं, शिवाय नऊशेच्या वर इतर देशांच्या नागरिकांनाही. अभिमान वाटावा असंच काम. पण उलट्या बाजूनं बघा. सनाचा विमानतळ ऑगस्ट 2016 पासून मे 2022 पर्यंत प्रवासी विमानांना बंद होता. पीएच.डी. करायला आलेला माणूस प्रबंध देऊन बसला, व्हिसाची मुदत संपत आली, घरचे पैसे येईनात आणि घरी जायला विमान नाही. 2023 च्या एप्रिलपासून सुदानच्या मुलांची तीच गत. मग वर्तमानपत्रात चार ओळी येतात : 'व्हिसा संपूनही शहरात वास्तव्य.' वाचणाऱ्या काकांना गुप्तहेर दिसतो. असतोही कधी कुणी भानगडीचा, नाही असं कोण म्हणतं. पण बहुतेकांना परतीचं तिकीटच मिळत नसतं. काकांना अमृतसरच्या गाडीला वेटिंग लागलं तरी ते रेल्वेमंत्र्यांना ट्विट करतात.

काकांची गोष्ट निघालीच आहे. त्यांचा मुलगा डॅलसला असतो. एमएस करायला गेला, तीन भारतीय पोरांबरोबर अपार्टमेंटमध्ये राहतो. मध्यंतरी काका चौकात भेटले ते तापलेले. खालच्या मजल्यावरच्या अमेरिकन बाईनं तक्रार केली होती, या पोरांच्या फोडणीचा वास येतो. 'एवढी फी घेता, मग थोडं सांभाळून घ्या ना!' काका म्हणाले. शंभर टक्के बरोबर. मी त्यांच्या वरच्या मजल्याचं विचारलं. रिकामा होता. रंग दिला होता, पाण्याची स्वतंत्र टाकी होती. 'फॅमिलीलाच देतो हो,' काका म्हणाले. 'आमचं काही नाही. शेजारी कुरकुर करतात.'

विद्यापीठाबद्दल दोन शब्द. 14 जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर जो लोंढा लोटतो तो मी दरवर्षी बघतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या 1978 च्या ठरावापासून 1994 च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षं गेली. माणसं मेली, मराठवाड्यातल्या गावागावांत दलितांची घरं जळाली. एवढी किंमत मोजून जे नाव दारावर लागलं, त्या दारातून आत येणाऱ्या परक्या मुलाला निदान पहिलं सत्र तरी डोक्यावर छप्पर असावं, ही फार मोठी मागणी नाही. माहितीपत्रकात अजिंठ्याचा फोटो टाकता, त्याखाली खोली देणाऱ्या पाच घरमालकांचे नंबर टाका. सी फॉर्म भरायला परदेशी विद्यार्थी कक्षातला एक माणूस त्या मालकाकडे पाठवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि नागसेनवनात जरा डोकावून या. बाबासाहेबांनी 1950 साली काढलेल्या तिथल्या कॉलेजला नाव दिलं मिलिंद. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. परक्या मुलखात येऊन भिक्षू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. परदेशी माणूस प्रश्न विचारतो आणि इथला माणूस न चिडता उत्तरं देतो, या कल्पनेवर अख्खं आवार उभं आहे. आपल्या चौकशी खिडकीवर तीन प्रश्नांनंतर 'उद्या या' मिळतं.

आता एक बरी बातमी सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता टोचतो. सिडकोतल्या एका तीन मजली इमारतीत येमेनचा एक संशोधक दोनेक वर्षांपूर्वी राहायला आला. मालक पुण्यात असतात, त्यांना भाडं वेळेवर हवं होतं. इमारतीतल्या सात जणांनी सह्या करून अर्ज दिला, मालकांनी तो वाचलाच नसावा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची सही सगळ्यांत वर होती. या शहरात पाणी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा येतं, तेही रात्री कुठल्या वेळी हे महापालिकेलाही नीट सांगता येत नाही. हा माणूस रात्रभर जागून प्रबंध लिहायचा. नळाचा आवाज आला की खाली जाऊन मोटार लावायचा, गच्चीवर जाऊन टाकीत काठी घालून पाणी बघायचा आणि भरली की बंद करायचा. दोनेक महिन्यांत इमारतीची मोटार आपोआप त्याच्याकडे आली. कुणी ठराव केला नाही. टँकर बोलवायचा असला तरी लोक आधी त्याला विचारतात, टाकीत किती आहे.

परवा त्यानं काकूंना सांगितलं, प्रबंध दिला, मुलाखत झाली की जाईन. काकूंनी कपाळावर हात मारला. 'अरे, असं कसं! उन्हाळा तोंडावर आलाय. मोटार कोण बघणार?'